पाय : एका ग्रीक नाटकाच्या भाषांतराच्या प्रकल्प नोंदी

5 जून

वही उघडली. सोफोक्लीसचं ‘फिलोक्तेतेस’, मूळ ग्रीकवरून मराठीत. ओळी 1471. दिवसाला पंधरा धरल्या तर शंभर दिवसांत संपायला हवं, पण दवाखाना, दोन-तीन घरच्या व्हिजिटा आणि लालबागचा पाऊस सांभाळून. गणपतीचे दिवस धरायचेच नाहीत. म्हणजे दिवाळी उजाडणार. आमच्या नाटकाच्या ग्रुपला डिसेंबरात वाचन करायचंय, तोवर होईल.

वेळ सकाळी साडेपाच ते सात. सामान: जेब यांची 1890 ची सटीप आवृत्ती (झेरॉक्स काढून स्पायरल केलेली), फोनमधला कोश, दोनशे पानी वही. माझं ग्रीक काठी टेकत चालतं. घाई केली की पडतं.

ग्रुपमधल्या मुलांना पाठवायला गोष्ट: ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या फिलोक्तेतेसला वाटेत साप चावतो. पाय चिघळतो. त्याचं ओरडणं आणि जखमेचा वास सहन होईना म्हणून बरोबरचे लोक त्याला लेम्नोस बेटावर झोपेतच टाकून जातात. दहाव्या वर्षी भविष्य कळतं की हा माणूस आणि याच्याजवळचं हेराक्लीसचं धनुष्य, दोन्ही आल्याशिवाय ट्रॉय पडायचं नाही. मग ज्याने टाकलं तोच ओदिसेउस परत येतो, सोबत अकिलीसच्या कोवळ्या पोराला घेऊन. पोराने गोड बोलून धनुष्य काढून घ्यायचं, एवढीच कामगिरी.

इ.स.पू. 409 मध्ये हे नाटक स्पर्धेत पहिलं आलं. तेव्हा सोफोक्लीस सत्त्याऐंशीच्या आसपास होता. माझ्याकडे या वयाचे चार जण येतात, त्यांतले दोघे अजून औषधांवरून माझ्याशी भांडून जिंकतात. तेव्हा वयाचं काही सांगता येत नाही.

नाटकात डॉक्टर कशाला, असं भाऊ म्हणाला. गिरगावच्या साहित्य संघाच्या नाट्यगृहालाच डॉ. भालेरावांचं नाव आहे म्हटलं. डॉ. लागू कान-नाक-घशाचे, डॉ. जब्बार पटेल मुलांचे, डॉ. आगाशे मानसोपचाराचे. पायाची जखम रिकामी होती, ती मी घेतली.

12 जून

पहिल्या चाळीस ओळी झाल्या. पोरगा गुहेत डोकावतो आणि काय दिसतं ते ओदिसेउसला ओरडून सांगतो. पाल्यापाचोळ्याचं दबलेलं अंथरूण. लाकडाचा ओबडधोबड पेला. विस्तव पेटवायचं सामान. आणि उन्हात वाळत घातलेली फडकी. म्हणजे नायक रंगमंचावर येण्याआधी त्याचं ड्रेसिंग येतं. अशी एन्ट्री मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिली नाही.

त्या फडक्यांसाठी ग्रीकमध्ये ‘नोसेलेइया’ने भरलेली असं म्हटलंय. कोशात या शब्दाचा पहिला अर्थ रुग्णाची शुश्रूषा आणि दुसरा, याच ओळीपुरता, जखमेतून येणारा पू. ज्याच्यासाठी शुश्रूषा करायची तेही तेच नाव घेऊन बसलंय. मराठीत असा शब्द नाही. शोधत बसले नाही.

पहिला खर्डा होता ‘पूयाने माखलेली वस्त्रखंडे’. दुपारी पेशंट कमी होते म्हणून कंपाउंडरकाकांना वाचून दाखवलं. एकतीस वर्षं ते माझ्याकडे आहेत, त्याआधी गिरणीत होते, नाटकं पुष्कळ पाहिलेली. ऐकून म्हणाले, “मॅडम, हा कीर्तनकार आहे का?” खोडलं. आता असं आहे: “आणि ही बघ फडकी. वाळत घातलीत. पुवाने कडक झालीत.”

‘व्रण’, ‘वेदना’, ‘पूय’ हे तिन्ही शब्द या नाटकापुरते बंद. सुश्रुताने जखमेचे साठ उपचार सांगितलेत, त्याच्याविषयी आदर आहेच, पण फिलोक्तेतेस वैद्य नाही, त्याचा पाय दुखतोय.

आज एक नवी पेशंट. मावशी, बाजारात मासळी विकतात. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला शिरांचा घाव, दोन वर्षांचा. आज 6.2 × 4.5 सेंटिमीटर. पायाची नाडी दोन्हीकडे नीट लागते, म्हणून चार थरांचं बँडेज आवळून बांधलं. दर गुरुवारी यायचं. आजवर क्रेप बँडेज धुऊन चाळीच्या गॅलरीत वाळत घालायच्या, त्यावरून शेजारीण भांडते. मी सकाळच्या ओळी आठवून गप्प बसले.

जाता जाता म्हणाल्या, “सगले सांगतान धंदा सोड. माश्यांच्या वासात माझा वास नाय कलत गं बाय. घरात बसले तर कलेल.”

19 जून

सापावर अडले. ग्रीकमध्ये ‘एखिद्ना’, म्हणजे नागाच्या नव्हे, घोणशीच्या जातकुळीतला. मग मराठीत घोणस की फुरसं?

बॉण्डचं, म्हणजे डिग्रीनंतर सरकारला द्यायचं वर्ष मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात काढलंय. फुरसं हातभरसुद्धा नसतं. वेटोळं घालून अंगाला अंग घासतं, त्या खवल्यांचा करवतीसारखा आवाज होतो. कातळावर, गवतात, दगडाखाली. पेशंट आला की कोऱ्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असेल तर हायसं वाटायचं. पाण्यासारखं वाहिलं की सिस्टरला हाक मारायची आणि लस काढायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून चालणारी ती लस, माझ्या आताच्या दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा परळच्या हाफकिनमध्ये तयार होत आलेली. त्या वीस मिनिटांत नातेवाईक घड्याळाकडे बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत. वाचलेल्यांपैकी काहींचा चावलेला भाग काळा पडून झडे, आणि मग महिनोन्महिने ड्रेसिंग.

फुरशाचं शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस. त्यातलं ‘एकिस’ म्हणजे ग्रीक ‘एखिस’, या एखिद्नेचाच भाऊ. एवढी वर्षं केसपेपरवर लिहीत होते, आज लक्षात आलं.

फुरसंच. दुसरा विचार नाही.

पुढे 1300 च्या घरात डोकावून ठेवलं: या सापाला तिथे बिनछपराच्या देवळाची गुपचूप राखण करणारा म्हटलंय. मूळ शब्दाचा अर्थ घर राखणारा. कोकणात कुणालाही विचारा, देवळातला असा साप कोण, तर राखणदार. या एका शब्दासाठी सकाळ आनंदात गेली. दाढदुखीचा पेशंट चुकून माझ्याकडे आला, त्यालाही हसून दातांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

26 जून

दिग्दर्शकाचा फोन, सव्वा तास. त्याला लेम्नोस नको, खांदेरी हवी. आंग्र्यांचं आरमार, पाय चिघळलेला जुना गोलंदाज, धनुष्याच्या जागी तोफ डागायचं कसब. “मॅडम, रूपांतर करा, भाषांतर कोण बघतंय?”

वाट मळलेली आहे हे खरं. आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी 1890 मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’. मोह मलाही झाला. रात्री वीस ओळी खांदेरीवर लिहून पाहिल्या, बऱ्या जमल्या.

सकाळी खोडल्या. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोक नवस फेडायला येतात, किनारा डोळ्यांना दिसतो. तिथे माणूस दहा वर्षं एकटा राहूच शकत नाही, कुणीतरी भाकरी टाकेल. खुद्द लेम्नोसही ओसाड नव्हतं. एस्किलस आणि युरिपिडीस या दोघांनीही याच विषयावर नाटकं लिहिली होती, ती हरवली, पण दिओ क्रिसोस्तोम या नंतरच्या काळातल्या ग्रीक वक्त्याने तिन्ही शेजारी ठेवून वाचली आणि तुलना लिहून ठेवली. त्या दोघांच्या नाटकांत कोरस, म्हणजे नाटकात गाणारा-बोलणारा घोळका, लेम्नोसच्या रहिवाशांचा होता. सोफोक्लीसने बेटच रिकामं केलं आणि कोरसला नव्याने आलेल्या खलाशांना उभं केलं. म्हणजे म्हाताऱ्याने रूपांतर आधीच करून ठेवलंय, एकच आणि नेमकं. त्यावर माझी खांदेरी म्हणजे बऱ्या झालेल्या हाडाला प्लास्टर.

ठरलं: जागा आणि नावं ग्रीक, बोली आपल्या किनाऱ्याची. नावं ग्रीक उच्चारांप्रमाणे, पुलंनी ‘ओयदिपौस’ केलं त्या धर्तीवर. नटांना अकिलीसच्या पोराचं नाव, नेओप्तोलेमोस, म्हणताना त्रास होईल. होऊ दे. एरवी कॉम्बिनेशन गोळ्यांची नावं पाठ करतातच.

दिग्दर्शक दोन दिवस बोलला नाही. मग मेसेज आला: “बरं.”

10 जुलै

तू की तुम्ही. ग्रीकमध्ये एकट्या माणसाला एकच ‘तू’, राजा असो की गुलाम. मराठीत तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं.

ओदिसेउस पोराला अरेतुरे करणार. पोरगा त्याला ‘आपण’. फिलोक्तेतेस पोराला पहिल्यापासून ‘बाळा’, ‘पोरा’, कारण मूळात तो सारखा ‘तेक्नोन’ आणि ‘पाय’ म्हणतो. ग्रीकमध्ये ‘पाय’ ही मुलाला मारलेली हाक. पायाच्या नाटकात माणूस ‘ओ पाय, ओ पाय’ करत राहतो! मराठी माणसाशिवाय कुणालाही या योगायोगाचा उपयोग नाही, आणि मलाही करता येत नाही. ग्रुपमधल्या मुलांनी मात्र नाटकाचं नावच ‘पाय’ पाडलंय. “आज पायची तालीम आहे का?”

पोराचं फिलोक्तेतेसशी बोलणं अवघड. थाप मारत असताना ‘तुम्ही’, अगदी साजूक. कबुली दिल्यावरही ‘तुम्ही’च, पण तुटक. बदल करायचा तो ओदिसेउसच्या बाजूने: पोरगा धनुष्य परत द्यायला निघतो आणि ओदिसेउस तलवारीला हात घालतो, तिथे पहिल्यांदा “हात माझाही तलवारीवर आहे, बघतोस ना?” ‘आपण’वरून ‘तू’वर. सोफोक्लीसला हे आपल्या भाषेत करताच आलं नसतं. भाषांतरात नेहमी काहीतरी हरवतं म्हणतात. इथे एक आणा वर मिळाला.

मावशी: 5.6 × 4.1. हिरवट पिवळा स्राव कमी. वास आहे. मेट्रोनिडाझोल वरून लावायला दिलं.

24 जुलै

ओळ 730 पासून. झटका येतो ती जागा. तीन दिवस इथेच आहे आणि अजून चार राहीन.

गंमत अशी की आधी तो लपवतो. निघायची तयारी झालीय, हे लोक जहाजावर घेणार आहेत, आणि नेमकी कळ येते. आजचा खर्डा:

— काय झालं?
— काही नाही एवढं. चल तू, बाळा.
— जुनं दुखणं उठलं का?
— छे. उलट आत्ताच जरा हलकं वाटतंय. अरे देवा!

हे मी लिहिलेलं नाही, सोफोक्लीसने लिहिलंय, ओळीला ओळ. आणि हे मी रोज ऐकते. सोमवारी ड्यूटीवर रुजू व्हायचं असलेला ड्रायव्हर, मुलीचं लग्न तोंडावर आलेली बाई, परदेशी मुलाकडे जायचं तिकीट खिशात असलेले आजोबा. “आज बरंच बरं आहे डॉक्टर.” हात मात्र टेबलाची कड धरून. मी त्या हाताकडे बघायला शिकले त्याला दहा वर्षं लागली, आणि नाटकात ते नटाला एका तालमीत करायचंय.

कोसळत होतं. हिंदमाताला पाणी भरलं म्हणून नट आलाच नाही.

31 जुलै

शब्दांचा दिवस. केसपेपरवर आम्ही वेदनेला शून्य ते दहा गुण देतो. पेशंट गुणांत कधीच बोलत नाही. वहीच्या मागच्या पानावर महिनाभर टिपत होते: ठणकतं, ठसठसतं, सलतं, सणक मारते, चमक भरते, कळ येते, वळ येतो, आग होते, भगभगतं, चुरचुरतं, टोचतं, ओढ लागते, फुटतं, कुरतडतं, गोळा उठतो, मुंग्या येतात, बधिर पडलंय. फिलोक्तेतेसला द्यायचे ते त्याच्या दुखण्याचे. मधुमेहाचा पाय सडला तरी बहुतेकदा दुखत नाही, नसा मेलेल्या असतात. याचा पाय तसा नाही. याचं येतं आणि जातं. म्हणून ‘कळ’. कळ येते, कळ जाते, मधल्या वेळात माणूस शहाण्यासारखा बोलतो.

787 वर तो म्हणतो, ‘प्रोसेर्पेइ’, सरपटत जवळ येतंय. हे ‘हेर्पो’ आणि आपलं ‘सर्प’ सख्खे भाऊ. त्याच धातूवरून हर्पीस, ज्याला आपल्या आज्या नागीण म्हणत आल्या. कुठल्या आजीने ग्रीक वाचलं होतं?

ओळ झाली: “सरपटत येतंय बघ. आलं. आलं जवळ.”

745 वर ‘ब्रुकोमाय’, म्हणजे मला चावून खाल्लं जातंय. “खातंय रे मला, पोरा.” इथे चार पर्याय लिहून चारही खोडले आणि पहिल्यावरच आले.

7 ऑगस्ट

746. ही पूर्ण ओळ म्हणजे फक्त ओरडणं आहे. ‘अपप्पपाय पपा पपा पपा पपाय’. इंग्रजीत बरेच जण दोन-तीन ‘आह’वर भागवतात.

मोजलं. बारा अक्षरं. लघु-गुरू, लघु-गुरू, सहा वेळा. म्हणजे हे ओरडणं नाटकातल्या साध्या संवादाच्याच छंदात आहे, एक मात्रा इकडेतिकडे नाही. माणूस कोसळतो तेव्हाही ओळ मोडत नाही. पंचचामरात हीच लगा आठ वेळा येते, शिवतांडव स्तोत्र ज्या चालीत म्हणतात ती. नटाला फोनवर हेच सांगितलं. तो बेस्टमध्ये कंडक्टर आहे, दर श्रावणात शंकराच्या देवळात जाणारा. “म्हणजे ठेक्यात बोंबलायचं?” हो. ठेक्यात.

तूर्त ग्रीक ध्वनीच ठेवलेत. ओरडण्याचं भाषांतर कसलं करायचं, असं वाटलं.

मावशी: 4.4 × 3.2.

17 ऑगस्ट

वाचन, ग्रुपच्या वीस-बावीस जणांपुढे. झटक्याच्या जागेपर्यंत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मग ‘पपाय’. मागच्या रांगेतली दोन मुलं फिस्सकन हसली. मग पुढचे. मग खुद्द फिलोक्तेतेस. पालक खाऊन दंड फुगवणारा तो कार्टूनमधला खलाशी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि कुणीतरी ‘पपई’ म्हणालं.

चूक माझी. ओरडण्याचंही भाषांतर करावं लागतं. मूल जन्मल्याबरोबर रडतं ते कुठल्याच भाषेत नसतं. पन्नाशीचा माणूस ओरडतो तो मराठीतच ओरडतो.

21 ऑगस्ट

ही नोंद नीट लिहायची आहे.

सकाळी ओळ जमली नाही म्हणून दवाखान्यात उशिरा पोचले, बाहेर चौदा जण. मावशींचं बँडेज सोडलं. आतलं गॉज जखमेला चिकटलं होतं. सलाईन ओतून पाच मिनिटं थांबायचं असतं. मी अर्धं मिनिट थांबले आणि ओढलं.

“अयाय्! अयाय्... अया, अया, अया...”

गॉजबरोबर नवीन आलेली गुलाबी कातडी, एका कडेची, उचलून आली. रक्ताचे ठिपके. त्यांनी खुर्चीची कड धरली होती. आणि माझं अर्धं डोकं लघु-गुरू मोजत होतं. अ लघु, याय् गुरू. बसतंय. सहाच्या सहा बसतायत.

माफी मागितली. त्या म्हणाल्या, “असूं दे, तुझा हात हलका हाय.” नव्हता आज.

ओळ अशी: “अयाय् अयाय् अया अया अया अयाय्.” वहीत लिहिली, छंद बरोबर आहे, आणि तळाशी ‘आय’ ऐकू येते, जिला आपली गावाकडची माणसं अशा वेळी हाक मारतात. यापेक्षा चांगली मिळणार नाही. कुठून मिळाली तेही इथे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी विचारलं तर मी काहीतरी शोभेलसं सांगेन.

मावशी: 3.9 × 3.0. खालची कड मी मोडली नसती तर कमी भरलं असतं.

28 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर

काम शून्य. लालबाग. पेशंट सगळे पायांचेच: अनवाणी रांगेत उभं राहून आलेले फोड, काचा, सुजलेले घोटे. ग्लुकोजची पाकिटं दोनदा मागवली.

11 सप्टेंबर

झटक्यानंतर घाम, पायातून काळं रक्त फुटतं, आणि झोप. त्या फुटलेल्या शिरेला ‘आइमोर्रागेस फ्लेप्स’ म्हटलंय. ‘हॅमरेज आहे का डॉक्टर’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांचा शब्द आणि मावशींच्या केसपेपरवरचा फ्लेबायटिस, दोघे एकाच ओळीत शेजारी बसलेत. मी मात्र साधंच ठेवलं: “टाचेकडची शीर फुटली. काळं रक्त.”

कोरस झोपेला आळवतो. इथे मला हात आखडता घ्यावा लागला नाही. अंगाई आपल्याकडे कमी नाहीत. पण सुंदर करून चालणार नाही, कारण अर्ध्या अंगाईतच खलाशी पोराला कुजबुजत सांगतात की तो झोपलाय, धनुष्य हातात आहे, चल. तर चाल अंगाईची आणि शब्द चोराचे.

25 सप्टेंबर

ओळी 900 ते 903. पोरगा घुटमळतोय. फिलोक्तेतेस विचारतो, माझ्या दुखण्याची शिसारी आली का तुला, म्हणून नेत नाहीस? पोरगा तोच शब्द उचलतो: “शिसारी सगळ्याचीच येते, माणूस आपला स्वभाव सोडून भलतं वागला की.” मूळात दोन्हीकडे ‘दुस्खेरेइया’. आधी ‘किळस’ आणि मग ‘उबग’ केलं होतं, वेगळे शब्द म्हणजे शैली वगैरे. मूर्खपणा. एकच शब्द हवा, ‘शिसारी’, पायावरून उचलून स्वतःवर ठेवलेला.

संध्याकाळी एका पेशंटचा मुलगा. आईला रिपोर्टचं सांगू नका, साधी गाठ म्हणा. मागच्या आठवड्यात मी हो म्हटलं होतं. आज आईच आत आली, एकटी, आणि विचारलं. सांगितलं. मुलगा चिडलाय.

9 ऑक्टोबर

शेवट. पोरगा धनुष्य परत देतो, दोघे घरी जायला निघतात, ट्रॉय गेलं खड्ड्यात. आणि वरून हेराक्लीस प्रगटतो: मागे फिर, ट्रॉयला जा, तिथे अस्क्लेपिओस तुझा पाय बरा करील. दिग्दर्शकाला हेराक्लीस कापायचाय. देव आला की प्रेक्षक चपला शोधायला लागतो, म्हणतो.

मी म्हटलं, थांब. ग्रीकांकडे बोलणारे नट तीनच. फिलोक्तेतेस आणि पोरगा शेवटपर्यंत रंगमंचावर. मग हेराक्लीस करायला उरतो तो ओदिसेउसवालाच. जो आवाज दोन तास फसवत होता तोच आता देव होऊन तेच सांगतो. आपणही एकाच नटाला दे आणि मुखवटा नको. तो जरा वेळ गप्प होता. मग: “कापत नाही.”

अस्क्लेपिओसविषयी. या वैद्यदेवाची पूजा अथेन्सला इ.स.पू. 420 मध्ये आली, आणि त्याचं ठाणं तयार होईपर्यंत सोफोक्लीसने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, म्हणून मेल्यावर त्यालाच देक्सिओन, स्वागत करणारा, या नावाने पुजलं, अशी परंपरागत कथा आहे. कथा जाऊ दे. पण त्या देवाचं देऊळ अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर दिओनिसोसच्या नाट्यगृहाला अगदी लागून होतं, हे दगडात आहे. प्रेक्षक नाटकाला बसायचे आणि शेजारी बरे व्हायला आलेले लोक. आमच्याही परळला केईएम हॉस्पिटल आणि नाटकांचा दामोदर हॉल चालत अंतरावर होते. एमबीबीएसला असताना मी रात्री तिकडून इकडे किती वेळा गेले असेन, हे वडिलांना कळलं नाही ते बरं.

30 ऑक्टोबर

1471. संपलं, काल रात्री, सकाळी नव्हे.

शेवटी तो बेटाचा निरोप घेतो. ज्या गुहेने जागरणात सोबत केली तिचा, पाणथळ कुरणांचा, खडकावर आपटणाऱ्या समुद्राचा, त्याच्या ओरडण्याला परत ओरडणाऱ्या डोंगराचा. दहा वर्षं छळलं त्या जागेला “येतो” म्हणतो. ग्रीक ‘खाइरे’ला मी ‘निरोप’ लिहिलं होतं, काकांनी सुचवलं, “मॅडम, आपण ‘जातो’ म्हणतो का कधी?”

मावशी: 0.9 × 0.6.

20 नोव्हेंबर

संहिता सेन्सॉरला गेली. ओदिसेउसचे दोन मोठे परिच्छेद अजून जड आहेत, तालमीत बघू.

मावशींची जखम भरली. पातळ, चकचकीत कातडी, तिच्यावर आता स्टॉकिंग कायमचं. यायची गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवा म्हटलं. तरी बाकावर बसून राहिल्या, गुरुवार आहे म्हणाल्या. पेशंट नव्हते, म्हणून गोष्ट सांगितली, सापापासून.

“धा वर्सां? न मंग धनुष्यासाठी आले?” पदर सावरला. “आमच्याकडं पन येतान. मतां मागाला.”

मग ऑगस्टमधलं सांगितलं. तुमचं ओरडणं मी नाटकात घातलंय, न विचारता. काढू का?

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. “आता तो मानूस वराडतो, तवा माझ्यासारका वराडतो?”

हो.

“नीट वराडतो का?”

अजून नीट नाही. पाठांतर वाटतं.

“मंग पास ठेव. मी बगते. न बाय, मधी नको बसवू, पाय लांब करावा लागतो.”

दिग्दर्शकाला सांगायचं: 14 डिसेंबर, एक पास, कडेची खुर्ची.